राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा कुठं भरवायची, कशी खेळवायची? तालुक्यातल्या पोरांचं गणित इथंच ठरतं

बुद्धिबळ स्पर्धेचं माहितीपत्रक हल्ली व्हॉट्सॲपवरच येतं. पाच-दहा पानांची पीडीएफ, बरीचशी इंग्रजीत. खेळणारं पोरगं त्यात आधी बक्षिसं बघतं. बाप मात्र चारच गोष्टी शोधतो. स्पर्धा कुठं आहे, किती दिवस चालणार, प्रवेश फी किती आणि राहायचं कुठं? पोरगं पटावर बसणार की घरी, हे या चार ओळींवर ठरतं. खेळ किती येतो हा प्रश्न त्यानंतरचा.

या चार ओळी गावात कुणी लिहीत नाही. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ, राज्य संघटना आणि यजमान आयोजक मिळून त्या ठरवतात. स्थळ आणि पद्धत हे दोन शब्द ऐकायला कोरडे वाटतात, पण देशातली सगळ्यात मोठी बुद्धिबळ स्पर्धा नक्की कुणासाठी आहे, हे त्यांच्यावरूनच कळतं.

देशात बुद्धिबळाचं वारं जोरात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्ण मिळवलं. त्यात नाशिकचा विदित गुजराथी होता, नागपूरची दिव्या देशमुख होती. डिसेंबर २०२४ मध्ये डी. गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये दिव्यानं जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तोही कोनेरू हम्पीला हरवून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खुला विश्वचषक शेजारच्या गोव्यात झाला. गावोगावची पोरं मोबाईलवर डाव खेळायला लागली आहेत. मात्र वर आलेल्यांची गावं बघितली, तर बहुतेक नावं मोठ्या शहरांची आहेत. चेन्नई, नागपूर, नाशिक, पुणे. तालुक्याचं नाव क्वचित दिसतं.

पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली कुठं?

दिल्लीत नाही, मुंबईतही नाही. भारताची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९५५ साली आंध्रमधल्या एलुरूला झाली. गोदावरी आणि कृष्णेच्या मधल्या भातशेतीच्या पट्ट्यातलं हे जिल्ह्याचं गाव. विजेतेपद दोघांत वाटलं गेलं. आंध्रचे डी. वेंकय्या आणि आपल्या महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे. पहिल्याच राष्ट्रीय विजेत्यांमध्ये एक मराठी माणूस होता, हे आज कितीजणांना माहीत आहे कोण जाणे.

नंतरही ही स्पर्धा छोट्या गावांत जात राहिली. २०१५ मध्ये ती तमिळनाडूच्या तिरुवारूरला झाली, २०१९ मध्ये सिक्कीममधल्या माझीटारला. २०२२ पासून कानपूर, पुणे, गुरुग्राम अशी शहरं आली आणि २०२५ मध्ये पुन्हा आंध्रात, गुंटूरजवळच्या एका विद्यापीठाच्या आवारात ती भरली. तिथं तमिळनाडूचा पी. इनियन जिंकला. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा कोल्हापुरातही झाली आहे. आधी भुवनेश्वर आणि मग कोल्हापूर अशा लागोपाठच्या दोन्ही स्पर्धा दिव्यानं जिंकल्या होत्या. कोल्हापूरच्या त्या हॉलमध्ये दिव्याला खेळताना बघितलेल्या कागल-राधानगरीकडच्या एखाद्या पोरीला पुढं बाटुमीची बातमी वेगळीच वाटली असणार.

म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा छोट्या गावात होऊच शकत नाही, हे म्हणणं खरं नाही. जिल्ह्याच्या गावात झाली आहे, कॉलेजच्या आवारात झाली आहे. गावाचा आकार ही अडचण नाही. स्पर्धा पुढच्या वेळी कुठं असेल, हे खेळाडूच्या घरी वेळेत कळत नाही, ही खरी अडचण आहे.

तीन पद्धती, कुस्तीच्या भाषेत

आता पद्धतीकडे येऊ. बुद्धिबळाची स्पर्धा मुख्यतः तीन प्रकारे खेळवतात.

पहिली बाद पद्धत. कुस्तीवाल्यांना ती समजावून सांगायची गरज नाही. महाराष्ट्र केसरीत गादीचा एक आणि मातीचा एक असे दोन गडी वर येतात, त्यांची गाठ पडते आणि गदा एकाला मिळते. हरला तो बाहेर. गोव्याचा विश्वचषक याच पद्धतीनं झाला. २०६ खेळाडू होते, पहिल्या ५० मानांकितांना पहिल्या फेरीत पुढं चाल होती, बाकीचे लढले. जगज्जेता गुकेश तिसऱ्याच फेरीत बाहेर पडला. दिव्या तर पहिल्याच फेरीत हरली. हीच दिव्या चार महिन्यांपूर्वी बाटुमीला पंधरावं मानांकन घेऊन गेली होती आणि बाद पद्धतीतच सगळ्यांना पाडून चषक घेऊन आली. बघायला मजा येते, निकाल मात्र सांगता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेला ही पद्धत लावली, तर हजार किलोमीटरवरून आलेलं पोरगं दोन डाव खेळून तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसेल. गावाकडच्या खेळाडूसाठी यापेक्षा महाग सौदा नाही.

दुसरी साखळी पद्धत, म्हणजे प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. १४ खेळाडू असतील तर १३ फेऱ्या आणि एकूण ९१ डाव. कुणाला सोपे गडी मिळाले, कुणाला अवघड, ही तक्रार उरतच नाही. विजेता खरा ठरतो. सात पट मावतील एवढी खोली पुरते. पण १४ खेळाडू म्हणजे १४ च. तीनशेजणांची साखळी लावायची म्हटलं तर एकेकाला २९९ डाव खेळावे लागतील, वर्ष जाईल.

तिसरी स्विस पद्धत. हिच्यात कुणी बाद होत नाही. पहिल्या फेरीत रेटिंगप्रमाणे यादी लावतात आणि मधोमध तोडतात. तीनशे खेळाडू असतील तर पहिल्याची गाठ एकशे एक्कावन्नाव्याशी, दुसऱ्याची एकशे बावन्नाव्याशी. पुढच्या फेरीपासून सारख्या गुणांचे समोरासमोर येतात. जिंकणाऱ्याला जिंकणारा, हरणाऱ्याला हरणारा. दहा-अकरा फेऱ्यांत शेकडो खेळाडूंमधून विजेता निघतो आणि शेवटच्या नंबरवरचा पोरगाही शेवटच्या दिवसापर्यंत खेळत राहतो. दोष एवढाच की वरच्या दोघातिघांचे गुण सारखे झाले, तर टायब्रेक लावावा लागतो. कुणाचे प्रतिस्पर्धी किती गुण मिळवून बसले याची बेरीज करून नंबर ठरतो. खेळाडूला ते पटत नाही, पण चालतं.

२०१८ नंतर काय बदललं

आधी राष्ट्रीय स्पर्धा दोन टप्प्यांत व्हायची. जुन्या लोकांना 'नॅशनल बी' आणि 'नॅशनल ए' ही नावं आठवतील. पुढं त्यांचं 'चॅलेंजर' आणि 'प्रीमियर' झालं. पहिला टप्पा स्विस, त्यात कुणीही यावं, लढावं. त्यातून वर आलेले आणि देशातले मातब्बर मिळून दुसऱ्या टप्प्यात साखळी खेळायचे. तो राष्ट्रीय विजेता.

२०१८ पासून हे दोन टप्पे एक झाले. जम्मूला झालेल्या त्या वर्षीच्या स्पर्धेपासून एकच मोठी खुली स्विस स्पर्धा होते. आपल्या पोरांच्या नजरेनं पाहिलं तर ही चांगली गोष्ट झाली. तालुक्यातला दीड हजार रेटिंगचा पोरगा, समोर ग्रँडमास्टर, मधे पट. पाच तासांचा डाव. हरला तरी त्या पाच तासांत जे शिकायला मिळतं, ते वर्षभराच्या क्लासमध्ये मिळत नाही. बरोबरी झाली तर गावात फ्लेक्स लागतो.

याची दुसरी बाजूही आहे. मातब्बर खेळाडू या स्पर्धेला येईनासे झाले. अर्जुन एरिगैसी २०२२ मध्ये कानपूरला खेळला आणि जिंकला, पण प्रज्ञानंद, विदित ही नावं राष्ट्रीय स्पर्धेच्या यादीत दिसत नाहीत. विश्वनाथन आनंदनं १९८६, ८७ आणि ८८ अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. आजचे सर्वोत्तम खेळाडू त्या वाटेनं जातच नाहीत.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परदेशातल्या मोठ्या स्पर्धांच्या तारखा आडव्या येतात, आणि रेटिंगचं गणितही आडवं येतं. समजा २५५० रेटिंगचा ग्रँडमास्टर १८०० रेटिंगच्या पोराशी खेळला. जिंकला तर त्याला एक गुणसुद्धा पुरता मिळत नाही. बरोबरी झाली तर चार गुण जातात, हरला तर नऊ. आणि हा १८०० चा पोरगा खरोखर १८०० चा असतो का? गावाकडच्या पोराला वर्षाकाठी रेटिंगच्या स्पर्धा मिळतात दोन-तीन. मधल्या काळात तो मोबाईलवर रोज खेळतो, ताकद वाढते, कागदावरचं रेटिंग मात्र जुनंच राहतं. म्हणजे मोठ्या खेळाडूला समोर दिसतो १८०० चा आणि खेळायला मिळतो २००० चा. तो जोखीम कशाला घेईल?

पोरांना जे हवं आहे, नेमकं त्याच्यामुळं मोठे येत नाहीत. मोठे आले नाहीत, तर पोरांना जे हवं आहे तेही हळूहळू कमी होत जातं. महासंघापुढचा खरा पेच हा आहे. एकीकडे झुकलं की दुसरी बाजू सुटते.

पद्धत ठरवताना कुणाला बसू द्यायचं हाही प्रश्न असतोच आणि तो महाराष्ट्रानं एकदा लढून सोडवला आहे. मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी महिला बुद्धिबळात एक काळ गाजवला. १९७४ ची पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांची धाकटी बहीण रोहिणी १९७६ मध्ये, वय वर्षं १३, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. मुलगी पुरुषांत कशी, म्हणून गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल तिच्या बाजूनं लागला. त्यातूनच जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी स्पष्ट केलं की महिलांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळण्यापासून अडवता येणार नाही. आज राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत कुठलीही मुलगी बसू शकते, त्यामागं तेरा वर्षांच्या एका मराठी पोरीचा हट्ट आहे.

अकरा फेऱ्या म्हणजे तेरा दिवस

आता घरचा हिशेब मांडू. अकरा फेऱ्यांची स्पर्धा, रोज एक फेरी. जायचा एक दिवस, यायचा एक दिवस. तेरा दिवस तर लागतातच. पोरगं बारा-चौदा वर्षांचं असेल तर सोबत आई किंवा बाप हवाच. लॉजची खोली स्वस्तात समजा हजार रुपये धरली, दोघांचं जेवणखाण पाचशे धरलं, तर तेवढ्यातच वीस हजार जातात. प्रवास आणि प्रवेश फी वेगळी. आणि बापाची बुडालेली मजुरी किंवा शेतातलं राहिलेलं काम कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

काम कुठलं, हे महिन्यावर ठरतं. गुंटूरची स्पर्धा सप्टेंबरअखेर सुरू झाली आणि ऑक्टोबरात संपली. मराठवाड्यात, विदर्भात तेव्हा सोयाबीन काढणीला आलेलं असतं. काढायला दोन दिवस उशीर झाला आणि पाऊस आला, तर शेंगा जागेवर फुटतात किंवा काळ्या पडतात. त्या पंधरवड्यात कुठला शेतकरी तेरा दिवस गाव सोडेल? पुढं कापूस वेचणी, ऊसतोड. तारखा ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आंतरराष्ट्रीय कॅलेंडर असतं, शाळेच्या परीक्षा असतात. पिकाचं कॅलेंडर कुणी बघत असेल असं वाटत नाही.

रोज दोन फेऱ्या ठेवल्या तर दिवस निम्मे होतात. पण चार-पाच तासांचे दोन डाव एका दिवशी खेळले, की संध्याकाळच्या डावात डोकं चालत नाही. लहान पोरांचं तर नाहीच. ग्रँडमास्टरही अशा स्पर्धेला नाखूश असतात. मधला रस्ता म्हणजे नऊ फेऱ्या, त्यातल्या दोन-तीन दिवशी दोन-दोन. सहा-सात दिवसांत स्पर्धा उरकते. ग्रँडमास्टर किताबाचा नॉर्म मिळवायला साधारण नऊ डावच लागतात, त्यामुळं तीही सोय राहते.

रेल्वेचं एक वेगळंच. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. स्पर्धेचं स्थळ तीन महिने आधी कळलं, तर आरक्षण उघडेल त्या सकाळी तिकीट काढता येतं. महिनाभर आधी कळलं, तर वेटिंग, नाही तर तत्काळचे जादा पैसे. स्थळ लांब असण्यापेक्षा उशिरा कळणं जास्त महाग पडतं. माझीटारसारख्या ठिकाणी तर आधी न्यू जलपाईगुडी गाठायचं आणि तिथून पुढं डोंगरातल्या रस्त्यानं वर जायचं. वेळेत कळलं तर तेही जमतं. पोरं गेलीही आहेत.

हॉलमध्ये काय हवं?

स्पर्धा गावात आणायची म्हटलं, की लोक आधी स्टेज आणि मंडप धरतात. बुद्धिबळाला त्यातलं फारसं काही लागत नाही. तीनशे खेळाडू म्हणजे दीडशे पट. त्यासाठी टेबलं, बऱ्यापैकी अंतर ठेवून. सगळीकडं सारखा उजेड. शांतता, म्हणजे शेजारी लग्नाचा डीजे नको. मंगल कार्यालय घ्यायचं तर तिथी बघून घ्यावं लागेल. वीज गेली तरी पाच मिनिटांत चालू होणारा जनरेटर. स्वच्छ संडास, मुलींचे वेगळे. ही शेवटची गोष्ट माहितीपत्रकात कधीच नसते, आणि पोरीला पाठवायचं की नाही हे ठरवताना आई पहिल्यांदा तेच विचारते.

मोबाईल हॉलमध्ये चालत नाही. खेळाडूच्या खिशात फोन सापडला की डाव गेला. मोठ्या स्पर्धांत दारावर मेटल डिटेक्टर असतो. पालकांना तर आत येऊच देत नाहीत. मग दोनशे-तीनशे आई-बाप पाच-पाच तास बाहेर उभे. त्यांना सावली, पाणी आणि बसायला सतरंजी एवढं जरी दिलं, तरी आयोजकाचं नाव निघतं. शहरातल्या हॉटेलात लॉबीत बसायलाही संकोच वाटतो, गावाकडच्या बायांना तर जास्तच. कॉलेजच्या आवारात झाड तरी असतं.

कॉलेजच्या आवाराचा मोठा फायदा राहण्याचा आहे. सुट्टीत वसतिगृह रिकामं असतं, मेस असते, मैदान असतं, गेटवर माणूस असतो. दोनशे पोरांची राहण्या-जेवण्याची सोय लॉजच्या निम्म्या पैशांत होऊ शकते. गुंटूरची स्पर्धा विद्यापीठाच्या आवारात झाली, ती दिशा बरोबर आहे. महाराष्ट्रात अशी आवारं काय कमी आहेत? अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, कृषी विद्यापीठं आहेत, साखर पट्ट्यातली शिक्षण संस्थांची मोठमोठी संकुलं आहेत. दिवाळीच्या सुट्टीत ती ओस पडलेली असतात.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न राहतोच आणि तो टाळून चालणार नाही. यजमानाला हॉल, पंच, त्यांचं राहणं आणि बक्षिसांचा मोठा भार उचलावा लागतो. शहरात प्रायोजक मिळतात, तालुक्यात मिळवावे लागतात. कारखाने, पतसंस्था, दूध संघ कुस्तीच्या मैदानाला पैसे देतात, कारण तिथं हजारोंची गर्दी असते आणि पुढाऱ्याला हार घालून फोटो काढता येतो. बुद्धिबळात गर्दी नाही, आवाज नाही. तीनशे माणसं खाली माना घालून बसलेली. यात फोटो काय काढणार? पण बुद्धिबळाची गर्दी आता मोबाईलवर असते. वरच्या पटांचे डाव थेट दिसतात आणि देशभरातले लोक ते बघतात. हे प्रायोजकाला पटवून देणं हे आयोजकाचं काम आहे.

गावाला एवढं मोठं काम झेपतं का, असं विचारणाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर आठवावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तालुक्याचं गाव. पाहुणे आले, राहिले, जेवले, गेले. सांगलीत तर बुद्धिबळाचीच जुनी परंपरा आहे. नूतन बुद्धिबळ मंडळानं आणि भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथं वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या. स्वाती घाटे यांच्यासारखी खेळाडू त्याच सांगलीची.

हॉलंडमधलं एक खेडं

बाहेरचं एक उदाहरण इथं बघण्यासारखं आहे. नेदरलँड्समध्ये समुद्रकाठी वाइक आन झे नावाचं खेडं आहे. दरवर्षी जानेवारीत जगातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक तिथं होते. १९३८ मध्ये शेजारच्या गावात ती सुरू झाली. तिथल्या पोलाद कारखान्याच्या नावानं ती ओळखली जायची. १९६८ पासून ती या खेड्यात आहे. आज तिला टाटा स्टीलचं नाव आहे, कारण तो कारखाना टाटांकडे आला. २०२५ मध्ये तिथं प्रज्ञानंदनं टायब्रेकमध्ये गुकेशला हरवून विजेतेपद मिळवलं.

हॉल कुठला, तर गावाचं समाजमंदिर म्हणावं तसा. थंडीचे दिवस म्हणून वाटाण्याचं घट्ट सूप मिळतं, आणि ते त्या स्पर्धेची ओळखच होऊन बसलं आहे. मुद्दा सुपाचा नाही. त्याच हॉलमध्ये एका बाजूला जगातले मोठे खेळाडू साखळी पद्धतीनं खेळत असतात आणि दुसऱ्या बाजूला शेकडो हौशी खेळाडू आपापले डाव लढवत असतात. दुकानदार, शिक्षक, शाळकरी पोरं. आपला डाव संपला की उठून दोरीपाशी जायचं आणि दहा फुटांवरून जगज्जेत्याला विचार करताना बघायचं.

अमेरिकेनं वेगळी वाट धरली. तिथली राष्ट्रीय स्पर्धा २००९ पासून सेंट लुइस या एकाच शहरात, एकाच क्लबमध्ये होते. एका धनवान माणसानं तो क्लब उभा केला. गेली बरीच वर्षं १२ खेळाडू निवडून साखळी होते. सगळं नेटकं, जागा ठरलेली, देशातले सगळे मोठे हजर. पण सामान्य खेळाडूला त्यात जागा नाही. आपल्याकडं एकच शहर कायमचं ठरवलं, तर काश्मीर ते कन्याकुमारी कुणातरी एका टोकावर कायमचा अन्याय होईल.

भारताला जुळेल असं काही असेल तर ते वाइक आन झेचं. एकच आवार, एकच तारखा, दोन स्पर्धा. स्टेजवर बारा-चौदाजणांची साखळी, तिच्यातून राष्ट्रीय विजेता. तिथं रेटिंगची भीती नसल्यामुळं मोठ्यांना यायला हरकत उरणार नाही, निदान एक कारण तरी कमी होईल. खाली हॉलमध्ये नऊ फेऱ्यांची खुली स्विस, तिच्यात कुणीही यावं. खुल्या स्पर्धेतले पहिले तीन-चार पुढच्या वर्षी स्टेजवर. म्हणजे जुनी 'बी' आणि 'ए'च, पण एका छताखाली. प्रवासाचा दुसरा खर्च नाही.

यात तोटा नाही असं नाही. सगळ्यात मोठे बाराजण स्टेजवर गेले, की गावाकडच्या पोराला त्यांच्याशी खेळायला मिळणार नाही, फक्त बघायला मिळेल. खाली तरी दुसऱ्या फळीतले ग्रँडमास्टर असतीलच. भारतात ग्रँडमास्टर आता नव्वदीच्या घरात आहेत, दिव्या अठ्ठ्याऐंशीवी. बारा वर गेले तरी बरेच उरतात. आणि आज जे बारा येतच नाहीत, त्यांच्याशी खेळायला मिळतंय कुणाला?

स्थळासाठीही नियम सोपा करता येईल. देशाचे चार-पाच विभाग पाडून स्पर्धा पाळीपाळीनं फिरवायची. पुढच्या दोन वर्षांचा विभाग आधीच जाहीर. नेमकं गाव आणि तारखा निदान तीन महिने आधी. यजमानानं निवासाची स्वस्त सोय दाखवल्याशिवाय स्पर्धा द्यायची नाही. साहित्य संमेलनाला स्थळ निवड समिती जाते, हॉल बघते, राहण्याची सोय बघते, मगच गाव ठरतं. तसं पथक इथंही जाऊ शकतं. त्यात एखादा पालक असला तर सतरंजीचा आणि संडासाचा प्रश्न आपोआप विचारला जाईल.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर पीडीएफ येत राहणार. ती आली की बक्षिसांच्या पानावर जाण्याआधी फेऱ्या किती आणि रोज किती, हे बघावं. प्रवेश फीच्या खाली उशिराच्या नोंदणीची जादा फी बारीक अक्षरात असते, ती वाचावी. वसतिगृहाची सोय आहे का, हे दिलेल्या नंबरवर फोन करून विचारावं. मुलगी असेल तर सोबत आईला राहता येईल का, हेही विचारावं. आणि तारखेपासून साठ दिवस मागं मोजून रेल्वेचं आरक्षण कधी उघडतं, ते कॅलेंडरवर खूण करून ठेवावं. आरक्षण सकाळी आठला उघडतं.